नुसतं चाक

भर दुपारी वाचनालयाबाहेरच्या खांबाला एक चाक बांधलेलं दिसलं. पुढचं. जाडजूड साखळी, तिला दणकट कुलूप, सगळं शाबूत. सायकल तेवढी नव्हती. शर्यतीत चाक झटपट काढता यावं म्हणून तुल्लिओ कॅम्पान्योलो या इटालियन सायकलपटूनं क्विक रिलीजची कळ शोधली. चोरांची सोय काही त्याच्या मनात नसणार.

लहानपणी आमच्या सायकलला मागच्या चाकावरचं गोल कुलूप होतं. उघडं असलं की किल्ली त्यातच अडकून राहायची, खटका दाबून बंद केलं की हातात यायची. ती किल्ली दादानं एकदा खेळाच्या मैदानावर हरवली. मग काय, मी हँडल धरलं, त्यानं कॅरिअरला धरून मागचं चाक उचललं, आणि कुलूपबंद सायकल घेऊन आम्ही भररस्त्यानं घरी आलो. कुणी हटकलं नाही. एका गृहस्थांनी तर दादाला दमलेला बघून पुढच्या चौकापर्यंत हात लावला.

त्या कुलपावरचा माझा विश्वास तिथेच उडाला. आता मी खांब आधी हलवून बघतो. मग वर बघतो, कारण बुटक्या खांबावरून सायकल सरळ उचलून काढता येते. यू-लॉक, म्हणजे इंग्रजी यूच्या आकाराचं जाड कुलूप, लावतो ते सायकलच्या सांगाड्याच्या मागच्या त्रिकोणात, चाकासकट. हमखास कुणीतरी थांबून म्हणतं, "अहो, तुम्ही नुसतं चाकच बांधलंय." रिम त्या त्रिकोणातून बाहेर येत नाही हे समजावण्यात माझा बराच वेळ गेला आहे. लॉक छोटंच हवं. आत मोकळी जागा राहिली की पहार घालायला वाव मिळतो.

एवढं करूनही खात्री कशाचीच नाही. २००४ साली क्रिप्टोनाइट या कंपनीची गोल किल्लीची नावाजलेली लॉक बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीनं उघडतात हे जगजाहीर झालं आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. आणि लोखंड कापायचा ग्राइंडर घेऊन आलेल्या माणसापुढे तर कुठलंच कुलूप फार वेळ टिकत नाही. शेवटी चोराला पटवायचं इतकंच, की बाबा रे, शेजारची सोपी आहे.

म्हणून मी जागाही तशीच शोधतो. बारीक तारेचं कुलूप दिसलं की त्याच्या शेजारी. हा हलकटपणा आहे हे मला कळतं, पण सायकल मला फार आवडते.

परवा अशीच जागा मिळाली. शेजारी एक चिमुकली सायकल, हँडलला झिरमिळ्या, बोटाएवढ्या तारेला आकड्यांचं कुलूप. चार आकड्यांच्या दहा हजार जुळण्या होतात म्हणे. इथे तीन शून्यं होती आणि शेवटी एक. कुलूप लावताना लेकरानं शेवटचं चाक तेवढं एक घर सरकवलेलं; नंबर चार शून्यं असणार हे आंधळ्यालाही कळावं. आपली सायकल लावून निघालो, चार पावलं गेलो आणि परत फिरलो. खाली बसून चारही चाकं गरागरा फिरवली.

मान वर केली तर समोर एक बाई, कडेला मूल, नजर थेट माझ्या बोटांवर.

त्यांना काय सांगणार? आपली पिशवी उचलली आणि चालायला लागलो.