आता तू आमची

गेल्या महिन्यात आइंडहोवनच्या नगरपालिकेत उभी राहून मी डच नागरिकत्वाचं वचन दिलं, आणि त्याच शनिवारी मुलाच्या अ‍ॅथलेटिक्स क्लबवर नेहमीसारखी लांब उडी मोजायला गेले. इथे मुलांच्या स्पर्धांचे पंच म्हणजे आम्ही आईबापच. एकाने टेप धरायची, एकाने आकडा लिहायचा, एकाने वाळू सपाट करायची. माझ्यासोबत टेप धरणारे आजोबा सत्तरीचे आहेत. चार वर्षांची ओळख आमची. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आता तू आमची. सिफानसारखी."

मनापासून बोलले ते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांना आनंदाचं वाटलं. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

सिफान हसन. जन्म 1993, इथिओपियातल्या अदामा गावचा. 2008 मध्ये, पंधरा वर्षांची असताना, ती निर्वासित म्हणून नेदरलँड्सला आली. नर्सिंग शिकता शिकता धावायला लागली. 2011 मध्ये आमच्या याच आइंडहोवनची अर्धमॅरेथॉन तिने जिंकली. नोव्हेंबर 2013 मध्ये डच नागरिक झाली आणि पुढच्याच उन्हाळ्यात झुरिकला 1500 मीटरमध्ये युरोपची विजेती. माझी आणि तिची तुलनाच होऊ शकत नाही, हे मला कळतं. मी नोकरीचं पत्र हातात घेऊन, लोणच्याची बरणी बॅगेत नीट गुंडाळून आले. पण आजोबांनी आमची नावं एका दमात घेतली आणि तेव्हापासून ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

2 ऑगस्ट 2021. टोकियो ऑलिंपिक. तो दिवस मी कधीच विसरणार नाही. 1500 मीटरची पात्रता फेरी इथल्या वेळेप्रमाणे पहाटे अडीचनंतर होती, मी मुद्दाम गजर लावून उठले होते. शेवटचा लॅप सुरू होताना पुढची केनियाची मुलगी पडली आणि तिच्यात अडकून सिफानही कोसळली. सगळा घोळका पुढे निघून गेला. अशा वेळी धावपटू उठतो तो शर्यत पूर्ण करायची म्हणून. ही उठली आणि एकेकीला मागे टाकत सुटली. त्या चारशे मीटरमध्ये तिने सगळ्यांना गाठलं आणि फेरी चक्क पहिल्या क्रमांकाने जिंकली. मी तोंडावर उशी धरून ओरडले, शेजारची भिंत पातळ आहे म्हणून.

त्याच दिवशी 5000 मीटरची अंतिम फेरी. इथे दुपार, नाशिकला संध्याकाळ. आईने कमलप्रीत कौरच्या थाळीफेकीसाठी टीव्ही लावला होता, ती फेरी पावसामुळे लांबत गेली होती. मी फोनवर सांगितलं, "बंद करू नकोस, आता बघ." सिफान बराच वेळ मागे मागे होती. आई म्हणाली, "अगं, सकाळी आपटली ना ही? दमली असेल." शेवटच्या लॅपला ती बाहेरून निघाली आणि मग कुणाच्याच हाती लागली नाही. फोनवर दोघी काही वेळ बोललोच नाही.

त्या ऑलिंपिकमध्ये नऊ दिवसांत सहा शर्यती, एकूण साडेचोवीस किलोमीटर. 5000 आणि 10,000 ची सुवर्णपदकं, 1500 चं कांस्य. 1500 ला लागतो वेग आणि 10,000 ला लागतो दम, शरीर एकासाठी घडवलं की दुसरं सुटतं. म्हणून शहाणे लोक एकच निवडतात. ही निवडत नाही. 2019 मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेतही तिने 1500 आणि 10,000 दोन्ही जिंकल्या होत्या.

दोहाची एक आठवण मात्र खुपते. स्पर्धा चालू असतानाच तिचे अमेरिकेतले प्रशिक्षक अल्बर्टो सालाझार यांच्यावर उत्तेजक द्रव्यांचे नियम मोडल्याबद्दल चार वर्षांची बंदी आली. तिच्यावर कसलाच आरोप नव्हता. पण त्या आठवड्यात ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर तिचं नाव घेताना "मूळची इथिओपियाची" असं पुढे लागायला लागलं. त्याआधी कित्येक महिने ते मी ऐकलं नव्हतं. चार दिवसांनी ती 1500 जिंकली, ते मूळ पुन्हा गळून पडलं. मी टेबलावर काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

आपण तरी वेगळं काय करतो, हेही खरं. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराड या त्यांच्या वडिलांच्या गावाला केवढा आनंद झाला होता! जन्म डब्लिनचा, तरी ते आपले. मला त्यात चूक वाटत नाही. दूर गेलेल्या माणसाचं चांगलं झालं की हक्क सांगावासा वाटतो, ती मायाच असते. फक्त वाईट काळातही तो हक्क सांगितला पाहिजे.

पॅरिस 2024 मध्ये सिफानने 5000, 10,000 आणि मॅरेथॉन अशा तिन्ही धावल्या. फेऱ्या धरून बासष्ट किलोमीटरच्या वर. पहिल्या दोन्हींत कांस्य. 10,000 शुक्रवारी रात्री झाली आणि रविवारी सकाळी मॅरेथॉन, तीही चढ-उतारांची. शेवटच्या वळणावर तिची आणि इथिओपियाच्या तिग्स्त असेफाची धक्काधक्की झाली. सिफान तीन सेकंदांनी पुढे, 2 तास 22 मिनिटं 55 सेकंद, ऑलिंपिक विक्रम. एकाच ऑलिंपिकमध्ये या तिन्ही शर्यतींत पदक 1952 च्या एमिल झाटोपेकनंतर कुणालाच मिळालं नव्हतं. इथिओपियाने त्या धक्क्याबद्दल तक्रार केली, ती फेटाळली गेली.

आईला हे सांगितलं तर ती थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "माहेरच्यांनीच तक्रार केली होय गं?"

हिजाब घालून सिफान पदक घ्यायला उभी राहिली, गाणं डच वाजलं. मी तो क्षण पुन्हा पुन्हा पाहिला आहे.

लोक मला नाशिकच्या कविता राऊतचं उदाहरण देतात. सावरपाड्याच्या या मुलीने 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य मिळवलं, आणि ती भारतातच राहिली. माणच्या दुष्काळी भागातल्या ललिता बाबरने रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत धावायच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला, सियाचिनला राहिला, आणि 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच शर्यतीत केनियाच्या धावपटूंमध्ये घुसून रौप्य घेऊन आला. माझ्या मुलाच्या पायाखाली नवव्या वर्षी सिंथेटिक ट्रॅक आहे, संध्याकाळी दिवे आहेत, वर्गणी परवडणारी आहे. आपल्या या तिघांनी धावायला सुरुवात केली तेव्हा यातलं काय होतं? तरी ते तिथे पोचले. इथल्या लोकांना मी हे सांगते तेव्हा माझा आवाज चढतो. मग हेही आठवतं की हातात काहीच नसलेल्या एका परक्या मुलीला या देशात धावायला जागा मिळाली. दोन्ही गोष्टी मी तितक्याच जोरात सांगते, समोर कोण आहे त्यावर क्रम ठरतो.

आणि मी पासपोर्ट का बदलला, तर मुलासाठी, घरासाठी, दर वेळी व्हिसाच्या रांगेत उभं राहायचा कंटाळा आला म्हणून. भारत दोन नागरिकत्वं देत नाही, त्यामुळे एक सोडावंच लागतं. लग्न होऊन नाशिकहून कोल्हापूरला गेले तेव्हा आडनाव बदललं, रेशनकार्ड बदललं, कुणी विचारलं नाही की आता तू कुणाची. उलट साखर वाटली. या वेळी मात्र चुलत बहिणीने विचारलं, मामांनी विचारलं.

आईने विचारलं नाही. समारंभाच्या रात्री तिला फोन केला तेव्हा तिने एवढंच विचारलं, "जुना पासपोर्ट ते ठेवून घेतात का?"

"नाही, रद्दचा शिक्का मारून परत देतात."

"मग तो इकडे पाठव. तुझ्या दहावीच्या मार्कशीटबरोबर कपाटात ठेवते."

दिवाळीला दीर जाणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवते आहे.