टाकीची खालची रेघ

सोलापुरात वाढलेल्या माणसाला मेमरी मॅनेजमेंट, म्हणजे संगणकाची मेमरी पुरवून वापरणं, वेगळं शिकवावं लागत नाही, असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. गच्चीवरच्या टाकीवर आईची नजर असते. पाणी अर्ध्याखाली गेलं की ती कुणाला काही न सांगता धुणं उद्यावर ढकलते, कुंड्यांचं पाणी थांबवते. आणि अगदी तळाशी गेलं, की ज्याला अंघोळ करायची त्यानंच खालच्या हौदातून बादली भरून आणायची.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, हेच चालतं. मोकळ्या मेमरीच्या तीन रेघा असतात: मिन, लो आणि हाय. मोकळी पानं, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, लोच्या खाली उतरली की केस्वॅपडी नावाचा कर्नलचा मदतनीस जागा होतो आणि हायपर्यंत पोचेतो मागच्या मागे जागा रिकामी करत राहतो. तरी मिनपर्यंत वेळ आली, तर जो प्रोग्राम मेमरी मागतोय त्यालाच हातातलं काम सोडून जागा करून घ्यावी लागते. त्याला डायरेक्ट रिक्लेम म्हणतात, रिक्लेम म्हणजे वापरातली मेमरी परत मोकळी करणं. तिथंही हाती काही लागलं नाही, तर कर्नलचा ओओएम किलर कुठल्या तरी प्रोग्रामचा बळी घेतो.

घरी माझ्याकडे ८ जीबीचं एक जुनं मशीन आहे. एक पान ४ केबीचं, म्हणजे सुमारे २१ लाख पानं. यावर मी कर्नलच्या नव्या आरसी, म्हणजे पक्क्या होण्याआधीच्या, आवृत्त्या आणि रिक्लेमशी संबंधित पॅच, म्हणजे कोडमधले छोटे बदल, चालवून बघते. आरसी बहुधा रविवारी येते, आपल्याकडे सोमवारी पहाटे बिल्ड लावायचं. हे कुणी सांगितलेलं काम नाही. पण २०२२च्या डिसेंबरात कर्नल ६.१ आलं आणि त्यात एमजीएलआरयू, म्हणजे पानांच्या पिढ्या पाडून जुनी आधी काढायची पद्धत, तेव्हापासून मला या भागाची ओढ लागली. वेग वाढला का, हे मोजणारे पुष्कळ आहेत. टिकतं का, हे बघायला मात्र दिवस द्यावे लागतात.

यंदा मे महिन्यात सात पॅचची एक मालिका लावली होती. मुद्दाम ताण देणाऱ्या स्ट्रेस-एनजी या प्रोग्रामचे चार वर्कर मेमरी भरत होते, तेही पडताळणीसह, म्हणजे लिहिलेलं तेच परत वाचता येतंय का हे तो तपासतो. सोबत कर्नलचं बिल्ड आणि एका डिस्कवरून दुसरीवर मोठ्या फायलींची कॉपी. ही भेळ मी मुद्दाम करते. नुसत्या स्ट्रेस-एनजीनं प्रोग्रामची स्वतःची पानं भरतात, ती बाहेर काढायची तर स्वॅपमध्ये, म्हणजे त्यासाठी राखलेल्या डिस्कवरच्या जागेत, लिहावी लागतात. फायलींची न बदललेली पानं नुसती टाकून देता येतात. रिक्लेमची खरी परीक्षा यातलं कुठलं काढायचं हे ठरवताना होते.

पहिला दिवस छान गेला. २६व्या तासाला मशीन गोठलं. डिस्कवर लॉगमध्ये एक ओळ नव्हती, कारण डिस्कवर लिहायलाही मेमरी लागते. नशीब, नेटकन्सोल लावलेलं होतं, कर्नलचे संदेश थेट नेटवर्कवरून माझ्या लॅपटॉपवर येत होते. तिथं शेवटी 'बॅड पेज स्टेट', म्हणजे एका पानाची नोंद बिघडल्याचा संदेश, होता, आणि त्याच्यामागे १२० सेकंदांहून जास्त अडकलेल्या कामांची रांग.

लगेच पॅचवर बोट ठेवावंसं वाटत होतं, पण ठेवलं नाही. बाहेर ४३ अंश, खोलीत पंखा गरम हवा फेकतोय, अशा उन्हाळ्यात रॅमचा एक बिट उलटला तरी असाच संदेश येऊ शकतो. म्हणून दुपारच्या त्याच उकाड्यात मेमटेस्ट८६+ चालवलं, तीन फेऱ्या. एकही चूक नाही. मग जुनं कर्नल, तोच भार, ४८ तास. मधे एकदा वीज गेली, इन्व्हर्टरनं धरलं नाही, मोजणी पुन्हा शून्यापासून. ४८ तास पूर्ण झाले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मशीन ठणठणीत होतं.

आता दोषी पॅच शोधायचा. सातात एक, म्हणजे दर वेळी निम्मे पॅच वगळत जाणाऱ्या बायसेक्टच्या तीन पायऱ्या. पण 'हा पॅच बरा आहे' म्हणायला प्रत्येक पायरीवर दोन दिवस थांबणं परवडत नव्हतं. आधी केसॅन हे कर्नलमधलं तपासनीस साधन लावून पाहिलं, मेमरीच्या चुका पकडायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण त्यानं सगळं इतकं मंदावलं की बग उगवेनाच. यावरूनच कळलं की दोन कामांची नेमक्या क्षणी गाठ पडण्याचा हा प्रकार आहे.

मग आईचं टाकीचं गणित आठवलं. खालची रेघ लवकर गाठायची, तर टाकीच लहान करायची! बूट करताना मेमरी २ जीबीवर बांधली, वर्करही त्या हिशेबानं आवरले. ४० मिनिटांत तोच संदेश. पुन्हा केलं, ३५ मिनिटांत. त्यानंतर सहा तास टिकलं तर बरं, असं धरून तिन्ही पायऱ्या एका दिवसात झाल्या. पाचवा पॅच. पान यादीतून काढणं आणि त्यावरची खूण पुसणं, यांचा क्रम त्यात बदलला होता.

कळवताना पूर्ण लॉग दिला, कॉन्फिग दिली, २ जीबीची युक्ती दिली, आणि जुन्या कर्नलचे ४८ तास व मेमटेस्टचा निकाल पहिल्याच परिच्छेदात लिहिला. ज्यांनी पॅच लिहिला होता त्यांनी दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती पाठवली, चार ओळींची. ती दोन्ही आकारांवर चालवून पाहायला मला आणखी पाच दिवस लागले. २ जीबीवर दीड दिवस, मग पुन्हा पूर्ण ८ जीबीवर ७२ तास, शेवटच्या दिवशी तर जास्तीचे दोन वर्कर लावून.

७२वा तास पाण्याच्या दिवशी पहाटे पाचला भरला. खाली आई मोटर लावत होती. पाइप धरायला गेले, परत येऊन दुरुस्तीखाली 'टेस्टेड-बाय', म्हणजे तपासणाऱ्याचं नाव, लिहिलं.