शाळेत स्तोत्रं, चुलीपाशी गोष्टी

परवा २ ऑगस्टला उकाड्याने जीव नकोसा झाला म्हणून पोहायला निघाले, तर रशियातल्या वोरोनेझ शहरातल्या आमच्या घरमालकीण आजींनी दारातच अडवलं. “आज इल्याचा दिवस. त्याने पाण्यात बर्फाचा खडा टाकलाय. आता उतरायचं नाही.” इल्या म्हणजे बायबलमधला संदेष्टा एलिया. रशियन खेड्यात वीज, पाऊस, गारा सगळं त्याच्या हातात. टॉवेल ठेवला आणि चहाला बसले. मग आजींनी त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली.

एक शेतकरी संत निकोलायचा सण न चुकता पाळायचा, इल्याचा मात्र कधीच नाही. इल्या चिडला : याचं उभं पीक गारांनी झोडपतो! निकोलायने शेतकऱ्याला हळूच सांगितलं, पीक इल्याच्या देवळातल्या पाद्रीबाबाला विकून टाक. गारपीट झाली, बुडाला पाद्री. नुकसान आपल्याच पाद्रीचं झालं हे कळल्यावर इल्या म्हणाला, आता पीक पहिल्यापेक्षा चांगलं करतो. तोवर निकोलायच्या सांगण्यावरून शेतकऱ्याने निम्म्या पैशात ते पीक परतही घेतलं होतं.

माझं माहेर द्राक्षबागांचं. गारपिटीची गोष्ट मला निवांतपणे ऐकताच येत नाही. पण आजी सांगत होत्या तेव्हा मी पोट धरून हसले.

या आजींची आजी गावच्या चर्चच्या शाळेत दोन हिवाळे गेली होती. १८८४ च्या नियमांनंतर अशा शाळा गावोगाव वाढल्या. शिकवायचं काय, तर धर्मपाठ, चर्चमधलं गायन, जुन्या स्लाव्ह भाषेतलं आणि रशियन वाचन, लेखन, थोडं गणित. लोककथा हा काही विषय नव्हता. पोरं दिवसा स्तोत्रं घोकायची आणि रात्री मातीच्या मोठ्या चुलीवर, पाठीला ऊब घेत, बाबा यागा या जंगलातल्या चेटकिणीच्या गोष्टी ऐकत झोपी जायची.

सत्तेत बसलेल्यांना मात्र गोष्टींची भीती फार जुनी. १६४८ मध्येच झार अलेक्सेईने भटके खेळिये आणि अद्भुत कथा सांगणं यांवर बंदी घातली होती. पुढे याच वोरोनेझ प्रांतात जन्मलेल्या अफानास्येव या लोककथा-संग्राहकाने शेकडो लोककथा छापल्या. १८५९ मध्ये त्याने संतांच्या लोककथांचं पुस्तक काढलं, तर चर्चच्या तक्रारीवरून त्यावर बंदी आली. शेतकऱ्याची ही गोष्ट त्यातच आहे. संतांनी भांडावं आणि पाद्री बुडावा, हे धर्मगुरूंना कसं रुचणार? मला ही बंदी अन्यायाचीच वाटते. त्या शेतकऱ्याइतकी निकोलायवर श्रद्धा कुणाची असेल?

उशिन्स्की हा शिक्षणतज्ज्ञ स्वतः श्रद्धाळू, पण त्याने १८६४ च्या आपल्या वाचनपाठांत लोककथा आवर्जून घेतल्या. मुलांना शिकवण्यात लोकांच्या प्रतिभेशी कुणी बरोबरी करू शकेल असं त्याला वाटत नव्हतं. मलाही नाही वाटत.

आजींच्या आजीला मात्र स्तोत्रं आणि गोष्टी यांत भांडण दिसलंच नाही. दोन्हींतले संत तिच्या ओळखीचे. गोष्टीच्या शेवटी निकोलाय शेतकऱ्याला दोन मेणबत्त्या घ्यायला लावतो : रुबलाची मोठी इल्यासाठी, कोपेकची इवलीशी स्वतःसाठी. मोठी मेणबत्ती पाहून इल्याचा राग निवळतो.

संध्याकाळी आजी चर्चमध्ये निघाल्या, मीही सोबत गेले. त्यांनी दोन मेणबत्त्या घेतल्या, दोन्ही एकाच मापाच्या.