शेतातला फुटबॉल परत सुरू: आमच्या फोंड्याच्या गँगचा अपडेट

भातकापणी झाली, शेत सुकून टणक झालं आणि आम्ही टर्फ सोडून परत गावच्या शेतात आलो. खुंट टोचतात म्हणून बूट मस्ट, पण भाडं नाही आणि घरून चालत जाता येतं, त्यामुळे माणसं लगेच वाढली.

सुरुवात बहुतेकांनी डॉक्टरांनी बीपी नाहीतर शुगर सांगितली म्हणून केलेली, मी पण त्यातलाच. पण त्या भीतीवर माणूस थोडे दिवस येतो, मग ऑफिस, लग्नं, जत्रा काहीतरी निघतंच. टिकलेत कोण, तर ज्यांना संध्याकाळी ग्रुपवर "भाई येतोस ना रे, गोलात कोणच नाय" असा मेसेज येतो ते! डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की माणूस मनापासून एखादी गोष्ट करत राहतो तेव्हा तीन गोष्टी लागतात, आपल्या मर्जीने करणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि आपली माणसं सोबत असणं. मला हे आमच्या शेतात रोज दिसतं.

म्हणून या सीझनला स्कोअरचा तक्ता बंद केला. टीम रोज नव्याने पाडतो, गोली आळीपाळीने, आणि पाच-पाच जणच खेळतो. छोट्या मैदानात नवख्याच्या पायालाही बॉल सारखा लागतो, त्याला मजा येते, तो परत येतो. नाहीतर चांगले खेळणारे चौघं आपसात पास देतात आणि बाकीचे नुसते उभे, असं झालं की माणूस गळतोच.

आणि व्यायाम कमी होतो असं समजू नका हां. डेन्मार्कच्या पीटर क्रुस्ट्रुप आणि सहकाऱ्यांनी खेळाची सवय नसलेल्या पुरुषांना सुमारे 12 आठवडे, आठवड्यातून 2-3 वेळा तासभर असंच छोटं फुटबॉल खेळायला लावलं, तर त्यांचं बीपी उतरलं. हृदयाचे ठोके सरासरी कमाल मर्यादेच्या 80 टक्क्यांच्या वर जातात, आणि बॉलच्या मागे असताना ते जाणवतही नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरदार व्यायाम सांगते, त्यातला बराचसा भाग आमच्या दोन संध्याकाळींत निघतो. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग शेत.

आता काका मंडळींसाठी वॉकिंग फुटबॉल सुरू केलंय, 2011 मध्ये इंग्लंडात चेस्टरफिल्डला सुरू झालेला प्रकार, पळायचं नाही, फक्त चालायचं. गुडघे दुखतात म्हणून घरी बसलेले परत आलेत आणि त्यांना बघून मला मनापासून आनंद होतो. फक्त पटापट चालणं आणि पळणं यातली रेघ कुठे ओढायची यावर रोज वाद होतो. डिचोली, साखळी, पेडण्याकडे कोणी हे खेळत असाल तर तुम्ही पळणं कसं पकडता आणि फ्री किक कधी देता ते लिहा, पुढच्या रविवारपासून तसंच करून बघतो.