ओडी म्हणजे नक्की कुठला डोळा?

मिरजेत मेडिकल चालवायचं म्हणजे सांगली जिल्ह्याच्या आणि शेजारच्या कर्नाटकातल्या सुद्धा चिठ्ठ्या वाचायच्या. लोकांना वाटतं डॉक्टरांचं अक्षर वाईट म्हणून आमचे हाल होतात. अक्षर लागतं हो सवयीने. खरे हाल होतात ते सगळं नीट वाचता येत असताना.

शनिवारी संध्याकाळी ऐन गर्दीत कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करणारा एकजण आईला घेऊन आला. चिठ्ठी चक्क टाइप केलेली. लॅटानोप्रोस्ट थेंब, ओडी, एचएस, एक महिना. काउंटरवरच्या नव्या पोराने फ्रिजमधून बाटली काढली, खोक्यावर 'रोज रात्री १ थेंब' लिहिलं आणि बिल करायला घेतलं. कुणीही तेच केलं असतं. गोळ्यांच्या चिठ्ठीत ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा (इन्कम टॅक्सवाला नव्हे), एचएस झोपताना. आणि हे काचबिंदूचे थेंब घालतातच मुळी रोज रात्री एकदा.

पण डोळ्यांच्या डॉक्टरांचा ओडी म्हणजे उजवा डोळा. ओएस डावा, ओयू दोन्ही. 'ओडी, दिवसातून ४ वेळा' असं लिहिलेलं आलं की आपण अडखळतो, एकदा का चारदा, आणि मग ट्यूब पेटते. इथे अडखळायला जागाच नाही, दोन्ही अर्थ चपखल बसतात.

मी विचारलं, कुठल्या डोळ्यात घालता? तो म्हणाला, "दोन्ही. आधीच्या मेडिकलवाल्यानं रोज एकदा सांगितलेलं, मग दोन्हीतच घालायचं ना मॅडम? आमच्याकडं ओडी म्हणजे आउटसाइड डायमीटर, आम्हाला काय कळतंय." त्याचं बरोबरच आहे. माझ्या नवऱ्याला ओडी म्हटलं की बँकेचा ओव्हरड्राफ्ट आठवतो, भाचीला कॉलेजची ऑन ड्यूटी हजेरी, आणि पॅथॉलॉजी लॅबवाल्यांचा ओडी म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी. पण ते सगळे आपापल्या कोपऱ्यात राहतात. आमचे दोन ओडी एकाच काउंटरवर येतात, कधीकधी एकाच पेशंटच्या फाइलमध्ये.

स्टुलावर बसलेल्या मावशींकडे नीट बघितलं. दोन्ही डोळ्यांच्या पापण्या लांब, दाट, काळ्याभोर. सत्तरीतल्या बाईच्या अशा नसतात. लॅटानोप्रोस्टने पापण्यांचे केस वाढतात, याच जातीतलं बिमॅटोप्रोस्ट तर अमेरिकेत पापण्या वाढवायला म्हणूनच विकतात. एका डोळ्यात घातलं तर एकाच बाजूच्या वाढतात. म्हणजे थेंब बरेच दिवस दोन्हीकडे चाललेले. आणि मावशी म्हणाल्या, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आधी छान दिसायचं, आता हल्ली धूसर दिसतंय. मुलाला वाटलेलं नंबर बदलला असेल.

माझ्या पोटात गोळाच आला. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात हे औषध जपून वापरतात, काही जणांच्या पडद्याच्या मध्यभागी सूज येऊ शकते. फोन लावला. रिसेप्शनवाली म्हणाली, "ओडी लिहिलंय ना, मग रोज एकदाच असेल." डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये. गर्दी ओसरल्यावर त्यांचाच फोन आला, "फक्त राइट आय मॅडम, लेफ्टचं प्रेशर नॉर्मल आहे. ओडी म्हणजे राइट, हे बेसिक आहे." बेसिक तुमच्या वर्गात, आमच्या डी.फार्मच्या पोराला ओडी म्हणजे दिवसातून एकदा असंच शिकवतात. मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये सांगितलं की औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहा. कॅपिटलमध्ये लिहून काय होणार, ओडी तो ओडीच. तिकडे अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने रोज एकदासाठीच्या 'क्यूडी'वर २००४ पासून बंदी घातलीय. आपल्याकडे मराठीत 'उजवा' लिहायला कितीसा वेळ लागतो?

खोक्यावर मार्करने मोठ्ठं 'फक्त उजवा' लिहून दिलं, आणि सोमवारी डॉक्टरांना दाखवाच म्हणून बजावलं.

पुढच्या आठवड्यात मुलगा मावशींची बीपीची गोळी न्यायला आला. म्हटलं काय झालं, तर म्हणे दाखवलं, आता ऑक्टोबरमध्ये बोलावलंय. उन्हाळा चालू होता. चिठ्ठी मागितली तर त्यावर 'ओसीटी, लेफ्ट आय' आणि खाली 'रिपोर्ट घेऊन या'. ओसीटी म्हणजे पडद्याचा स्कॅन. पण याने आयुष्यभर ओसीटी वाचलेलं ते गोळ्यांच्या स्ट्रिपवर, एक्स्पायरीपुढे, म्हणजे ऑक्टोबर. त्याला कसं हसणार? गोळी ठेव बाजूला, आधी स्कॅनला ने म्हणून पिटाळलं.

स्कॅनमध्ये थोडी सूज निघाली. थेंबामुळे का, तर नुसत्या ऑपरेशननंतरही अशी सूज येते, त्यामुळे डॉक्टर म्हणाले दोन्ही शक्य आहे. माझ्या डोक्यातून हे जात नाही, कारण थेंबामुळेच असेल तर यात कुणी कामचुकारपणा केलेला नाही. लिहिणाऱ्याने त्याच्या परीने बरोबर लिहिलं आणि आधीच्या मेडिकलवाल्याने त्याच्या परीने बरोबर वाचलं.

सुजेसाठी नेपाफेनॅकचे थेंब लिहून आले, 'ओएस, टीडीएस'. मी 'डावा, ३ वेळा' लिहिलं. सोबत राहिलेली बीपीची गोळी काढली, फिजिशियनच्या चिठ्ठीवर टेल्मिसार्टन ४०, ओडी. मुलाने चिठ्ठीवर बोट ठेवलं. "मॅडम, ही उजव्या बाजूची का?" चेष्टा होती का खरंच विचारत होता कळलं नाही, मी स्ट्रिपवर 'रोज सकाळी १, तोंडाने' असं लिहून दिलं.