दुसऱ्यांदा लावलेला प्रोब

मनसरच्या पुढे, जबलपूर रस्त्यालगत आमचं छोटं रुग्णालय. कापूस वेचणीच्या दिवसांत एका तरुणाला त्याच्या भावांनी मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलं. बांधावरून ट्रॅक्टर उलटला होता, मार डाव्या बरगड्यांवर. "काही नाही झालं जी, एक इंजेक्शन द्या, जातो." बीपी १२०/८०, नाडी ९६. पण चेहरा उतरलेला होता आणि तो मला पटेना.

सीटी स्कॅन नागपुरात. आमच्याकडे हातात मावणारं सोनोग्राफी मशीन आहे; त्याचा प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा भाग, जेली लावून फिरवायचा. आधी भरतीचा कागद केला, कारण गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यानुसार असं मशीन नोंदवलेल्या जागेतच, भरती रुग्णांसाठी वापरायचं; सूट फक्त फिरत्या वैद्यकीय पथकाला. कायदा कशासाठी आला ते ठाऊक आहे. तरी अपघाताच्या जागी आमची माणसं जातात आणि मशीन कपाटात राहतं, हे खटकतंच.

आत रक्तस्राव झालाय का ते शोधणाऱ्या 'फास्ट' या सोनोग्राफी तपासणीत चार जागा बघतात: लिव्हर आणि उजव्या किडनीमधली फट, डाव्या बरगड्यांखालच्या प्लीहेभोवती (पाणथरी), ओटीपोट आणि हृदयाभोवती. साचलेलं रक्त काळं दिसतं. चारही ठिकाणी काही नव्हतं. फुफ्फुसांचं आवरणही दोन्हीकडे श्वासागणिक सरकत होतं, म्हणजे तिथंही ठीक दिसत होतं.

"मंग नेऊ का जी?" भावानं विचारलं.

नाही म्हटलं. पोटात साधारण दोनशे मिलिलिटर रक्त साचेपर्यंत ते बहुधा दिसतच नाही. स्वच्छ चित्राचा अर्थ एवढाच, की या घडीला दिसण्याजोगं काही नाही.

अर्ध्या तासानं नाडी ११८, बीपी जवळपास तेवढंच. तरुण माणसाचं शरीर रक्तदाब बराच वेळ सावरून धरतं, तिथंच फसगत होते. सिस्टरनं पुन्हा जेली लावली. प्लीहा आणि श्वासपटलाच्या मध्ये एक बारीक काळी पट्टी होती. श्वास रोखायला लावून पुन्हा पाहिलं. मघाशी तिथं काहीच नव्हतं.

मग शिरेत दोन जाड सुया, सलाईन बेतानंच, १०८ ला फोन. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीला सांगितलं, "फास्ट आधी निगेटिव्ह, आता पॉझिटिव्ह, नाडी वाढतेय." पलीकडून रक्तगट विचारला, बाकी काही नाही.

प्लीहा काढावी लागली. टाके निघाल्यावर तो भावासोबत आला. प्लीहा नसली की जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो, म्हणून न्यूमोकोकस या जंतूविरुद्धची लस कधी घ्यायची ते समजावलं, आणि यापुढे ताप अंगावर काढायचा नाही, त्याच दिवशी यायचं, हे दोनदा बजावलं. त्याचा प्रश्न वेगळाच: "ट्रॅक्टर कधी चालवू जी?"