जेवणाची सुट्टी

उलटतपासणीच्या आठवडाभर आधी मी तिला रिकामं कोर्ट दाखवून आणलं. साक्षीदार कुठे उभा राहतो, आरोपी कुठे बसतो, मधे पडदा कसा लावतात. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "ताई, बाथरूम एकच आहे का?"

एकच होतं. कायद्याचं वकील बघतात. आरोपीची माणसं बाथरूमच्या दारात आडवी येणार नाहीत, हे बलात्काराच्या खटल्यात पीडितेच्या सोबतीला असणाऱ्या आम्ही कार्यकर्त्यांनी बघायचं.

आमची ओळख हॉस्पिटलमधली. तिथे तास मोजावे लागतात. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळी १२० तासांच्या आत, आणि दोन्ही जितक्या लवकर तितकं बरं. ती अंघोळ करून आली होती आणि त्याबद्दल सगळ्यांची माफी मागत होती. अंघोळीने सगळा पुरावा जात नाही, हे तिला तीनदा सांगितलं. पुढे नुसत्या तारखा. दोनदा मनाची तयारी करून आली आणि दोन्ही वेळा पुढची तारीख पडली. दुसऱ्या खेपेला जिन्यातच उलटी झाली.

त्या दिवशी मात्र पुकारा झाला.

"ओरडला का नाहीत?" आरोपीच्या वकिलांनी विचारलं.

"आवाजच फुटला नाही."

भीतीने अंग लाकडासारखं होतं, हात हलत नाही, घशातून शब्द निघत नाही. वैद्यकात याला टॉनिक इमोबिलिटी म्हणतात. मला हे तोंडपाठ आहे, पण मागच्या बाकावर बसून त्याचा उपयोग शून्य.

"जबाबात साडेनऊ, आज दहा. नक्की किती?"

"घड्याळ नाही पाहिलं. पंख्याचं एक पातं वाकडं होतं, ते आठवतं."

वकील हसले. अशा प्रसंगातली आठवण बहुतेकदा अशीच असते: पातं लख्ख, वेळ पुसट. जबाबात वेळ मात्र लागतेच.

साक्ष अर्धवट राहिली आणि जेवणाची सुट्टी झाली. साक्षीबद्दल कुणाशी बोलायचं नाही, असं न्यायाधीशांनी तिला बजावलं. हे मी आधीच समजावलं होतं. तरी बाहेर बाकावर टेकल्या टेकल्या तिने माझा हात धरला. "ताई, बरोबर बोलले ना मी?"

नुसती मान हलवली असती तरी पढवलेली साक्षीदार म्हणायला ते मोकळे. हात तसाच धरून ठेवला, बाटलीचं झाकण उघडून दिलं आणि म्हटलं, "पाणी पी." ती माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत मला स्वतःचा असा राग कधी आला नव्हता.

सुट्टीनंतरचा पहिलाच प्रश्न: "मधल्या वेळेत कुणाशी बोललात?"

"ताईंशी."

"काय सांगितलं त्यांनी?"

"पाणी पी म्हणाल्या."

स्टेनोने तेही टाइप केलं.